टपावर बॉक्स लावून पुणे ते गुहागर, गणपतीसाठी

तिसरी रांग उभी केली की आमच्या सात सीटच्या रेनो ट्रायबर गाडीच्या डिकीत 84 लिटर जागा उरते. म्हणजे मुलांची दोन दप्तरं, चपलांची एक पिशवी आणि फटीत खुपसलेल्या छत्र्या. एरवी आम्ही मागची सीट काढून ठेवतो, तेव्हा तीच डिकी 625 लिटरची होते आणि कसली अडचण येत नाही. पण गणपतीला गावी जायचं म्हणजे आम्ही सातजण: मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई, सासरे आणि नणंद. सातही सीटवर माणसं बसणार आणि नऊ दिवसांचं सामान कुठे ठेवायचं, यावर दरवर्षी घरात वाद होतो. मागच्या दोन वर्षी निम्मं सामान खासगी बसने पाठवलं, आणि एकदा मखराचा वरचा भाग चेपून गावात पोचला. म्हणून 2025 च्या गणपतीला टपावर बॉक्स लावायचा, असं मी जुलैतच ठरवलं.

बॉक्स मैत्रिणीचा होता, सव्वातीनशे लिटरचा. तो तिच्याकडे वर्षातले अकरा महिने माळ्यावर पडून असतो. आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉसबार, मात्र आम्ही विकत घेतल्या, कारण त्या प्रत्येक गाडीच्या छतानुसार वेगळ्या येतात. घेण्याआधी एक गोष्ट पाहावीच लागते. आपल्याकडे कित्येक गाड्यांवर दिसणारे रूफ रेल, म्हणजे छताच्या दोन्ही कडांच्या लांब दांड्या, नुसते शोभेचे असतात. त्यांवर वजन टाकलं तर ते छतापासून सुटू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत वजनाचा आकडा दिलेला असेल तरच ते रेल कामाचे. ट्रायबरसाठी हा आकडा 50 किलो आहे. पुस्तिकेत आकडा नसेल तर दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगो, रेलवर काही बांधू नका.

50 किलो ऐकायला भरपूर वाटतात, पण ते सगळे सामानासाठी नसतात. रिकामा बॉक्स 14 किलोचा आणि दोन पट्ट्या मिळून 5 किलोच्या. 50 मधून 19 गेले, उरले 31. बॉक्सच्या आत डोकावलं की त्यात अख्खं घर मावेल असं वाटतं, आणि तिथेच चूक होते. बॉक्स जागा देतो, वजन उचलायची ताकद देत नाही. सासूबाईंना हे मी एकदाच सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं. त्यांनी सामानाचे सरळ दोन ढीगच केले: "फुगणारं वर, जड खाली." समई, तांब्याचा कलश, पाट, नारळ आणि तांदळाची पिशवी सीटखाली आणि पायांशी. गोधड्या, कपड्यांच्या मऊ बॅगा, पुठ्ठ्याचं घडीचं मखर आणि रेनकोट वर. हुकाच्या काट्यावर एकेक बॅग टांगून मी वहीत आकडे लिहिले, बेरीज 28 किलो झाली.

पट्ट्या बसवायला मी आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन तास लावले. पुढच्या वेळी अर्ध्या तासात होईल. आधी रेल ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले, कारण धुळीवर रबर बसलं की ते सरकतंच, शिवाय रंगही घासला जातो. मग समोरच्या काचेच्या कोपऱ्यापासून टेपने मोजून दोन्ही रेलवर खडूची खूण केली. डोळ्यांना पट्टी सरळ दिसते, टेप लावली की एका बाजूला दीड सेंटीमीटर पुढे निघते. दोन पट्ट्यांमध्ये आम्ही 70 सेंटीमीटर अंतर ठेवलं. बॉक्सच्या तळाच्या खाचा किती अंतराच्या पट्ट्यांवर बसतात हे बॉक्सवरच लिहिलेलं असतं, त्या मर्यादेत राहून जेवढं जास्त अंतर ठेवता येईल तेवढं चांगलं.

बोल्ट एका दमात पिळायचे नाहीत. डावा थोडा, उजवा थोडा, पुन्हा डावा. बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि बाबा मोठ्याने आकडे म्हणत होते. शेवटी पट्टी दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे जोरात हलवायची. अख्खी गाडी हलली पाहिजे, पट्टी हलता कामा नये.

बॉक्सची निमुळती बाजू पुढे घेतली. कसण्याआधी डिकीचं दार पूर्ण वर उचलून पाहिलं, तर ते बॉक्सच्या कडेला टेकत होतं. बॉक्स चार बोटं पुढे सरकवला, मग दार मोकळं झालं. ही तपासणी शेवटी केली असती तर पकडून ठेवणारे सगळे क्लॅम्प पुन्हा सोडावे लागले असते. बॉक्स डावीकडे उघडणारा असावा, म्हणजे रस्त्याच्या कडेला थांबल्यावर वाहनांच्या बाजूला उभं राहावं लागत नाही. आमचा दोन्ही बाजूंनी उघडतो.

मग उंची. ट्रायबर रेलसकट 1643 मिलिमीटर उंच आहे. पट्ट्या आणि बॉक्स चढवल्यावर जमिनीपासून टेप लावली तर 2 मीटर 8 सेंटीमीटर भरले. आमच्या सोसायटीच्या तळघरात पाण्याचा एक पाइप 2 मीटर 5 सेंटीमीटरवर आहे. म्हणून बॉक्स चढवायचं सगळं काम गेटबाहेर, पार्किंगमध्ये नाही. कागदावर ठळक अक्षरांत "2.08" लिहून मी तो स्टिअरिंगच्या बाजूला चिकटवला. तो आकडा समोर नसता तर साताऱ्यात हॉटेलच्या पार्किंगमध्ये शिरताना नवऱ्याला आठवण राहिली नसती.

25 ऑगस्टला, सोमवारी, पहाटे पाचला निघालो. टोलमाफीचा पास आधीच काढून काचेवर लावला होता. रस्ता नेहमीचा: सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर. साधारण अडीचशे किलोमीटर.

कात्रज ओलांडून गाडीने वेग घेतला तशी वरून शिट्टी सुरू झाली. साठच्या पुढे गेलं की बारीक, ऐंशीला कानात जाणारी. मुलांना मजा वाटली, सासूबाईंचं डोकं चढलं. खेड शिवापूरच्या पुढे थांबून पाहिलं, तर दोष आमचाच. पट्टीच्या वरच्या खाचेत बसवायची रबराची लांब पट्टी आम्ही "ही कशाला?" म्हणून पिशवीतच ठेवली होती. त्या रिकाम्या खाचेतून वारा बासरीसारखा वाजत होता. रबर कापून खाचेत दाबलं आणि शिट्टी बंद झाली. बॉक्सवरून आणखी एक पट्टा आम्ही आडवा बांधला होता, तो वेगळा घरघरत होता. त्याला मध्ये एक पीळ दिला की आवाज जातो. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, पीळ दिलेला थरथरत नाही.

खंबाटकी चढताना गाडीला ओझं जाणवलं. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, सात माणसं आणि वर बॉक्स, त्यामुळे दुसऱ्या गिअरवर निमूट चढायचं. सपाटीला आम्ही ऐंशीच्या वर गेलो नाही. साताऱ्याच्या अलीकडे मोकळ्या माळावर बाजूचा वारा लागतो, आणि मोठी बस शेजारून गेली की गाडी किंचित ढकलल्यासारखी होते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं, आणि वेग कमी असला की घाबरण्यासारखं काही नाही. हायवेला एरवी सतराचं अ‍ॅव्हरेज मिळतं, या वेळी साडेचौदा मिळालं.

उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा मी एल-की घेऊन चारही क्लॅम्प तपासले. मागचा उजवा पाऊण आटा फिरला. कोणी सैल ठेवला नव्हता. नवं रबर वजनाखाली दबून बसलं आणि तेवढी जागा झाली. म्हणून पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून पुन्हा कसायचंच. मला थांबायला उंब्रज उजाडलं, तो उशीर होता. नंतर पूर्ण प्रवासात एकही क्लॅम्प हलला नाही.

पाटणपासून पाऊस लागला आणि हेळवाकच्या पुढे ढग रस्त्यावर उतरले. कुंभार्ली घाटात वरचं वजन खरं कळतं. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते आणि सरळ व्हायला क्षणभर जास्त घेते. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही, उतारावर गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवायची. पोफळीपर्यंत उतरायला आम्हाला एरवीपेक्षा वीस मिनिटं जास्त लागली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, त्यांना जागा मिळेल तिथे पुढे जाऊ दिलं.

आता मला ज्याची अजून हळहळ वाटते ते. घरी पोचून खळ्यात बॉक्स उघडला, तर कोपऱ्यातून पाणी ओघळलं. सासूबाईंच्या हातची, जुन्या नऊवारींची गोधडी निम्मी भिजली होती आणि मखराचा पुठ्ठ्याचा पाया मऊ पडला होता. बॉक्स फुटलेला नव्हता. निघताना गोधडीचं एक टोक झाकणाच्या रबरात अडकलं होतं. प्लास्टिकचं झाकण लवचीक असतं, ते वाकतं, कुलूप लागतं, किल्लीही निघते, आणि आपल्याला वाटतं झालं बंद. त्या अडकलेल्या टोकाने घाटातलं पाणी दिव्याच्या वातीसारखं आत ओढून घेतलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, गोधडी पिळून चुलीशेजारच्या दांडीवर टाकली. ती वाळायला गणपती बसून दुसरा दिवस उजाडला.

तेव्हापासून कुलूप लावल्यावर मी झाकणाच्या चारही बाजूंनी बोट फिरवते. आणि वर जाणारी प्रत्येक वस्तू आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत जाते, रबर कितीही चांगलं असलं तरी. कोकणात ऑगस्टमध्ये चार तास पाऊस समोरून, वेगाने मारतो. शिवाय भिजलेली गोधडी किती जड होते हे एकदा हातात घेऊन पाहा, 31 किलोचा हिशेब तिथेच संपतो.

मार्गताम्हाने, शृंगारतळीपर्यंत रस्ता मोठा आहे. पण आमच्या वाडीची वाट दोन्ही बाजूंनी गडग्यांची, म्हणजे दगडी कुंपणांची, आणि वरून आंब्याच्या फांद्या. पावसाने ओथंबलेली फांदी कोरड्या दिवसांपेक्षा हातभर खाली येते. शेवटचे तीनशे मीटर नणंद पुढे चालत होती आणि काठीने फांद्या उचलून धरत होती. त्यातही बॉक्सवर दोन लांब ओरखडे उठले. मैत्रिणीला मी फोटो लगेच पाठवला.

शेजारच्या काकांनी विचारलं, पुण्याहून मूर्तीही यातच आणता येईल का? नाही आणता येणार. आमची मूर्ती गावातल्याच गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, येते. पण कोणी नेणार असेल तर त्यांनी ती मांडीवर घ्यावी. बॉक्समध्ये प्रत्येक खड्डा खालच्यापेक्षा जोरात बसतो.

गौरी-गणपतीचं विसर्जन करून 3 सप्टेंबरला परत निघालो. येताना मोह होतो तो नारळांचा. घरचे पंचवीस नारळ, फणसपोळी, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, शिवाय चुलत सासूबाईंनी दिलेले पाच किलो लाल तांदूळ. मखर गावीच ठेवलं, त्यामुळे बॉक्समध्ये ऐसपैस जागा दिसत होती आणि नवरा नारळ वर टाकायला निघाला होता. काट्यावर नारळांचं पोतं चौदा किलो भरलं. नारळ सगळ्यांच्या पायांखाली आले, वर पुन्हा कपडेच गेले. परतीला आवाज नाही, गळती नाही, पाऊसही कमी.

पुण्यात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी बॉक्स आणि पट्ट्या दोन्ही उतरवल्या. रिकाम्या पट्ट्याही पेट्रोल खातात, आणि रबराखाली चिकटलेली लाल माती तशीच राहिली तर रेलचा रंग जातो. रेलवरच्या खडूच्या खुणा पुसण्याआधी मी मापं वहीत लिहून घेतली: काचेपासून पुढची पट्टी किती, दोन्हींमध्ये किती, बॉक्स किती पुढे. बोल्ट, वायसर आणि एल-की एका डब्यात घालून तो डबा पट्टीलाच दोरीने बांधून ठेवला आहे.