अपक्ष उमेदवारी आणि मतदार यादीची प्रमाणित प्रत : माझा अनुभव

विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मी माहेरच्या तालुक्यातून अपक्ष उभी राहिले. पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावर मी तेथे अनेक वर्षे काम करते. मात्र लग्नानंतर माझे नाव शहरातील दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत गेले आहे. कायद्याला याची हरकत नाही. राखीव जागांच्या अटी सोडल्या, तर राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलेली आणि वयाची २५ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती राज्यात कोठूनही विधानसभेला उभी राहू शकते. मात्र लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३३(५) नुसार अशा उमेदवाराला आपले नाव असलेली यादी, तिचा संबंधित भाग किंवा त्यातील नोंदीची प्रमाणित प्रत नामनिर्देशनपत्रासोबत किंवा छाननीच्या वेळी हजर करावी लागते. ही प्रत मिळवताना जो मनस्ताप झाला, तो पुढच्या प्रचारातही झाला नाही.

अर्ज भरण्याची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती. शहरातील ज्या निवडणूक शाखेत माझी नोंद आहे, तेथे मी प्रत मागितली तेव्हा पहिले उत्तर मिळाले की, यादी संकेतस्थळावर दिसते, छापून घ्या. संकेतस्थळावरून छापलेल्या पानावर अधिकाऱ्याची सही आणि शिक्का नसतो, त्यामुळे ते पान कितीही बरोबर असले तरी प्रमाणित ठरत नाही, हे मी सांगितले. त्यावर ‘जेथे उभ्या राहणार आहात तेथे मागा’ असे दुसरे उत्तर आले. तेथील कार्यालयाकडे माझ्या भागाची यादी असण्याचे कारणच नव्हते. नंतर साहेब मतदान यंत्रांच्या प्रशिक्षणाला गेले होते, शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे होती. तशात चौथा शनिवार आणि रविवार आला. अखेर जी प्रत पुढे केली गेली, तिच्यावर जुना भाग क्रमांक होता. मतदान केंद्रांच्या फेररचनेनंतर माझा भाग बदलला होता आणि नामनिर्देशनपत्रात मी नवा क्रमांक लिहिला होता. अर्जात एक क्रमांक आणि प्रतीत दुसरा, अशी विसंगती छाननीला प्रतिस्पर्ध्याच्या हातात देण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून मी ती प्रत स्वीकारली नाही. ‘एवढ्याने काही बिघडत नाही’ असे मला ऐकवण्यात आले. बिघडले असते तर माझे बिघडले असते, सांगणाऱ्याचे नव्हे.

तोंडी विनंती सोडून मी कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांकासह पोच मागून घेतली. तेव्हा कोठे तो कागद एका नायब तहसीलदारांच्या टेबलावर पोहोचला. त्यांनी तो शांतपणे वाचला, चालू यादीचे पान काढायला लावले आणि सही, गोल शिक्का व दिनांक यांसह प्रत अर्ध्या तासात माझ्या हाती दिली. त्या अधिकाऱ्यांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते, पण जे काम अर्ध्या तासाचे होते त्यासाठी मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत मला का ताटकळत ठेवले गेले, याचा राग अजून गेलेला नाही.

बाकीची तयारी त्या मानाने सुरळीत झाली. अपक्षाला त्याच मतदारसंघातील १० सूचक, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, लागतात. त्यांचे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक यादी समोर ठेवूनच लिहावेत. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,००० रुपये असते. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नये; जेथे माहिती नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे स्पष्ट लिहावे. अर्ज दिल्यावर घ्यायची शपथ अनेकांच्या लक्षात राहत नाही. ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यावी लागते, म्हणून मी अर्ज देताच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर घेतली.

अर्ज भरण्याच्या रांगेत मला सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची आठवण झाली. १९६२ पासून ११ वेळा निवडून आलेल्या त्या आमदारांनाही प्रत्येक निवडणुकीत नव्याने नामनिर्देशनपत्र भरावे लागले होते. आमदारकी कितीही दीर्घ असो, तिला दर वेळी या टेबलावरूनच जावे लागते, या विचाराने मला त्या दिवशी बळ दिले.

३० ऑक्टोबरच्या छाननीत एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने माझे नाव या मतदारसंघात नसल्याचा आक्षेप घेतलाच. मी प्रमाणित प्रत पुढे केली, अधिकाऱ्यांनी क्रमांक ताडून पाहिले आणि अर्ज वैध ठरवला. तो क्षण माझ्यासाठी अभिमानाचा होता. पुढे मी पराभूत झाले, तरी निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर केला. हे पराभूतांनाही बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय हिशेब दिला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

आणखी एक गोष्ट. प्रमाणित प्रतीसाठी निवडणुकीची घोषणा होताच अर्ज करावा, अधिसूचनेची वाट पाहू नये. अर्ज भरण्याच्या आठवड्यात प्रत्येक मतदार नोंदणी कार्यालयात या कामासाठी एक जबाबदार कर्मचारी नेमावा आणि त्याचे नाव फलकावर लावावे, असे लेखी निवेदन मी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दिले आहे. त्याचीही पोच मी घेतली आहे.