एका जेवणाला एकच फळ: किती, कोणतं आणि किती पिकलेलं

रॉ व्हेगन आहारात, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही न घेता फक्त न शिजवलेलं खाण्याच्या आहारात, एका वेळच्या जेवणाला एकच फळ खाण्याची पद्धत आहे. तिला मोनो मील म्हणतात. केळी तर केळीच, पपई तर पपईच. जोडीला दुसरं फळ नाही, सुकामेवा नाही, वरून भुरभुरायला काही नाही. ही पद्धत सुरू करून सोडून देणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. तासाभरात परत भूक लागते, पोट फुगतं, गळून गेल्यासारखं होतं, दात आंबतात. बहुतेक वेळा मागचं कारण तीनपैकी एक निघतं: फळ कमी खाल्लं, कच्चट खाल्लं, किंवा पोटभर खाण्यासारखं ते फळच नव्हतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. दोन-तीन फळं एकत्र आली की ती जठरात आंबतात आणि त्यातून गॅस होतो, असं या पद्धतीच्या समर्थनार्थ नेहमी सांगितलं जातं. अन्नाच्या जोड्या जुळवण्याचा हा विचार विसाव्या शतकात अमेरिकेत निसर्गोपचाराचे प्रचारक हर्बर्ट शेल्टन यांनी बराच पसरवला. शरीराचं काम तसं चालत नाही. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे आंबवण फारसं होऊच शकत नाही. स्वादुपिंडाच्या रसात पिष्ट, प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं एकदमच येतात. एकट्या केळ्यातही साखर, पिष्ट आणि थोडी प्रथिनं एकत्र असतातच. गॅस तयार होतो तो मोठ्या आतड्यात, लहान आतड्याला शोषून न घेता आलेल्या साखरेवर आणि तंतूंवर तिथले जिवाणू काम करतात तेव्हा. म्हणून दोन फळं एकत्र आली का, यापेक्षा कोणती साखर किती पोटात गेली हे पाहायचं.

मग एकच फळ कशासाठी? मला त्याचे दोन खरे फायदे दिसतात. एकच चव सतत तोंडात आली की तिची इच्छा आपोआप मंदावते, आणि नवी चव समोर आली की पुन्हा जागी होते. भुकेचा आणि खाण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. पाच फळांच्या वाडग्यात प्रत्येक घास नवा लागतो. एकाच फळाच्या जेवणात ‘आता पुरे’ हे लवकर आणि स्पष्ट कळतं. दुसरा फायदा असा की त्रास झालाच तर तो कशाने झाला हे शोधत बसावं लागत नाही.

पण पहिल्या फायद्यातच अडचणीचं मूळ आहे. चव विटते आणि माणूस पोट भरण्याआधीच थांबतो. दोन केळी खाऊन ‘जेवण झालं’ म्हणायचं म्हणजे साधारण २१० कॅलरी पोटात गेल्या. एवढ्यावर दुपार निघत नाही. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या आणि तीन वेळा खाणाऱ्या माणसाला एका जेवणातून ६०० च्या आसपास मिळायला हव्यात. साल आणि बी वगळून त्याचा हिशेब असा: मध्यम आकाराची ६ केळी. आंब्याचा एक किलो गर, म्हणजे साल-कोय धरून दीड किलोच्या आसपास आंबे. सोललेली संत्री सव्वा किलोच्या वर, म्हणजे १० नग. द्राक्षं साधारण ८७० ग्रॅम. पपईचा १.४ किलो गर. कलिंगडाचा लाल गर २ किलो. मेजूल खजूर मात्र फक्त ९.

हे आकडे पहिल्यांदा वाचणाऱ्याला अतिरेकी वाटतात, पण फळ म्हणजे मुख्यतः पाणी. कलिंगडात ९१ टक्क्यांहून अधिक पाणी असतं आणि १०० ग्रॅममध्ये ३० कॅलरी. स्ट्रॉबेरीच्या ६०० कॅलरी करायच्या तर जवळजवळ दोन किलो खाव्या लागतील. ते जेवणाचं फळ नव्हेच. पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरातला काटा वापरावा, अंदाज पक्का झाला की काटा ठेवून द्यावा. पोटाला एकदम एवढ्या आकारमानाची सवय नसते. म्हणून ३०० ते ४०० कॅलरींपासून सुरुवात करून दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत न्यावं. तोवर दिवसातली बाकीची जेवणं नेहमीसारखीच असू द्यावीत.

आता पिकण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कच्च्या केळ्यात गराच्या वजनाच्या सुमारे २० टक्के पिष्ट असतं. पूर्ण पिकल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर येतं, बाकीच्याची साखर होते. हिरवट टोकांची केळी सहा खाल्ली तर त्यातलं न पचणारं पिष्ट थेट मोठ्या आतड्यात पोहोचतं आणि पोट फुगतं. एखाद्या केळ्याने हे जाणवत नाही, सहांनी हमखास जाणवतं. जेवणासाठीचं केळं म्हणजे पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके आलेलं, देठाशी हिरवेपणा न उरलेलं, खाताना टाळूला न चिकटणारं. घास घेतल्यावर तोंड कोरडं पडलं, तुरट लागलं, तर ते अजून दोन दिवस ठेवायचं.

केळी, आंबा, पपई, पेरू, सफरचंद, नासपती ही फळं काढल्यानंतरही पिकत राहतात. ती थोडी आधी आणून ठेवता येतात. घाई असेल तर पिकलेल्या सफरचंदासोबत कागदी पिशवीत ठेवावीत. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू पिकण्याचा वेग वाढवतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल साठून बुरशी येते. द्राक्षं, संत्री, अननस, कलिंगड, डाळिंब, लिची ही मात्र काढल्यावर गोड होत नाहीत. मऊ होतील, सुकतील, पण आंबट आणलेलं आंबटच राहील. ही फळं घेताना एक चाखून बघणं हाच खात्रीचा उपाय. केळी आणि आंबे पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याची साल काळी पडते आणि पिकण्याची क्रिया अडखळते. नंतर बाहेर काढली तरी ती नीट पिकत नाहीत. मोनो मील नियमित करायचं असेल तर केळी एकदम न आणता तीन-चार दिवसांच्या अंतराने आणावीत. म्हणजे घरात नेहमी एक घड खाण्याजोगा आणि एक पिकत असलेला राहतो.

फळ कोणतं निवडायचं, हे त्यातल्या साखरेच्या जातीवर ठरतं. ग्लुकोज लहान आतड्यात सहज शोषलं जातं. फ्रुक्टोजची वाट अरुंद असते, आणि सोबत तेवढंच ग्लुकोज असेल तर तेही बऱ्यापैकी शोषलं जातं. केळ्यात दोन्ही जवळपास समसमान असतात, पपईत आणि द्राक्षांतही फार फरक नसतो. सफरचंदाचा हिशेब वेगळा आहे. ६०० कॅलरींसाठी सव्वा किलोच्या जरा आत सफरचंदं लागतात. त्यांतून सुट्टं फ्रुक्टोज ६५ ग्रॅमच्या वर जातं आणि ग्लुकोज ३० ग्रॅमच्याही आत राहतं. उरलेलं फ्रुक्टोज मोठ्या आतड्याकडे सरकतं, सोबत पाणी ओढून नेतं, आणि जिवाणूंच्या हाती लागतं. शिवाय सफरचंदात आणि नासपतीत सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेसारखंच एक गोड द्रव्य, असतं, तेही नीट शोषलं जात नाही. कळ, गुडगुड आणि पातळ शौचाला होण्याचं कारण हेच. कलिंगड आणि आंब्यातही फ्रुक्टोजचं पारडं जड असतं. दोन किलो कलिंगड काहींना आरामात पचतं, काहींना पाऊण किलोतच त्रास होतो. ही सहनशक्ती माणसागणिक खूप बदलते. त्यामुळे या तीन-चार फळांचं पहिलं जेवण घरी असण्याच्या दिवशी आणि निम्म्या मापाने करावं.

पेरू पौष्टिक आहे, पण त्याचं मोनो मील मी सुचवणार नाही. ६०० कॅलरींसाठी जवळजवळ ९०० ग्रॅम पेरू लागतील आणि त्यातून ४५ ग्रॅमच्या वर तंतू आणि भरमसाट बिया पोटात जातील. दिवसभराची गरज २५ ते ३० ग्रॅम तंतूंची असताना एका बैठकीत एवढे गेले तर कोठा जड होतो. अननसाचंही तसंच: त्यातलं आम्ल आणि ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर मिळून पाव अननसानंतर जीभ चुरचुरू लागते, मग पूर्ण जेवण कसं होणार? ही दोन्ही फळं जेवणाऐवजी मधल्या वेळी थोडी खावीत. न पिकलेल्या लिची तर कधीच, आणि उपाशीपोटी मुळीच, खाऊ नयेत. त्यांत रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणणारी द्रव्यं असतात, आणि कुपोषित मुलांना त्यांचा सर्वाधिक धोका असतो.

खाण्याची रीत साधी आहे. कलिंगड, पपई यांची साल खायची नसली तरी कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, कारण सालीवरचे जिवाणू सुरीबरोबर गरात जातात. कापलेलं फळ दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचं नाही. सगळं माप आधीच ताटात काढून घ्यायचं, २० ते ३० मिनिटं देऊन चावून खायचं. रस काढायचा नाही. रस काढताना तंतू निघून जातात, दहा संत्री पाच मिनिटांत संपतात आणि तृप्ती मात्र येत नाही. फळ फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर राहू द्यावं. फार थंड फळाची गोडी कमी लागते.

संत्र्यासारख्या आंबट फळांच्या जेवणात दातांचा विचार करावाच लागतो. पीएच म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. साडेपाचच्या खाली पीएच गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं, आणि या फळांचा पीएच तीन-चारच्या घरात असतो. खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, ब्रश तासाभराने करावा. मऊ पडलेल्या कवचावर लगेच ब्रश घासल्याने झीज वाढते. आंबट फळाचं जेवण दिवसाला एकदाच असावं आणि ते एका बैठकीत संपवावं. तासन् तास एकेक फोड तोंडात टाकत राहणं दातांना सर्वात वाईट.

एका जेवणाला एकच फळ हे ठीक, पण दिवसभर तेच फळ आणि महिनोन् महिने फळंच, हे शरीराला पुरत नाही. दिवसभर २००० कॅलरींची केळी खाल्ली, म्हणजे १९ केळी, तर प्रथिनं मिळतात २५ ग्रॅमच्या आत. ६० किलो वजनाच्या माणसाला ४८ ग्रॅम लागतात. कॅल्शियम तर सव्वाशे मिलीग्रॅमही होत नाही, गरज हजाराची. सफरचंदांवर राहिलं तर प्रथिनं जेमतेम १० ग्रॅम. म्हणून दिवसातली एक किंवा फार तर दोन जेवणं फळाची, आणि एक जेवण भाज्या, पालेभाज्या, बिया आणि मोडांचं असायला हवं. भोपळ्याच्या ३० ग्रॅम बियांत ९ ग्रॅम प्रथिनं असतात, मोड आलेल्या १०० ग्रॅम मसुरीतही तेवढीच. मोड ताजे आणि स्वच्छ पाण्याने वारंवार धुतलेले हवेत, ओलसर उबेत जिवाणू झपाट्याने वाढतात. राजम्याला मोड आणून कच्चा खाऊ नये. त्यातलं विष मोडांनी जात नाही, उकळल्यावरच जातं. कॅल्शियमसाठी पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट ते बांधून ठेवतं. कोबीच्या कुळातल्या पालेभाज्या बऱ्या. जवसाची एक मोठा चमचाभर पूड दिवसाची ओमेगा-३ ची गरज भागवते, पण जवस दळलेलंच हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं.

बी-१२ कोणत्याही फळातून मिळत नाही. स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीतलं बी-१२ शरीराला उपयोगी पडत नाही. रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. यात तडजोड नको. कमतरता दिसायला कधी कधी काही वर्षं लागतात आणि तोवर नसांना झालेली इजा नेहमी भरून येतेच असं नाही. आयोडीन आणि ड जीवनसत्त्व यांचाही विचार करावा लागतो.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सहा केळ्यांत अडीच ग्रॅम पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, दुबळं टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पोटॅशियम साठतं. करमळ (स्टार फ्रूट) तर मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी विषारीच आहे. ग्रेपफ्रूट काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) आणि इतर कित्येक औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एका बैठकीत सव्वाशे-दीडशे ग्रॅम कर्बोदकं घेणं धोक्याचं. गरोदरपणात, वाढत्या मुलांना, आणि जेवणाच्या नियमांत अडकून खाणं कमी करत जाण्याचा ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांना हे नकोच.

सुरुवात सकाळच्या खाण्यापासून आणि ठिपके आलेल्या केळ्यांपासून करावी, तीन-चार केळ्यांनी. सलग तीन दिवस तेच फळ ठेवून भूक किती तासांनी लागते, पोट कसं राहतं हे लिहून ठेवावं. दोन तासांच्या आत भूक लागली तर एक केळं वाढवावं. पोट फुगलं तर माप कमी करण्याआधी केळी आणखी पिकू द्यावीत. चौथ्या दिवशी पपई घ्यावी, सफरचंद आणि कलिंगड सगळ्यात शेवटी. दोन-तीन महिन्यांनी वजन घटत चाललं असेल, केस गळत असतील, सारखं थंड वाजत असेल किंवा पाळी लांबत असेल, तर फळाचं जेवण दिवसातून एकावर आणून बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी.