जीपचं स्टेअरिंग आणि बिचारा बॉक्स

जुन्या जीपचं स्टेअरिंग थोडं ढिलं असायचंच, असं कुणीही सांगतं. माझ्या सीजे-३बीचं आता थोडं राहिलं नव्हतं. पुढची चाकं जागची हलायच्या आधी स्टेअरिंग चार बोटं रिकामंच फिरायचं. आंबा घाट उतरताना वळण यायच्या आधीपासून तयारीत राहायचं, आणि सरळ रस्त्याला समोरून एसटी गेली की गाडी आपली आपण कडेला सरकायची. खड्ड्यातून गेलं तर पुढची चाकं थयथयाट करायची; वेग कमी केल्याशिवाय थांबायची नाहीत. त्यात पासिंगची तारीख जवळ आलेली. पंधरा वर्षांवरच्या गाडीला ते दर पाच वर्षांनी आहेच.

एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्यांनी स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या डब्याच्या, बाजूच्या झाकणावरचा स्क्रू आवळून दिला. काम पाच मिनिटांत झालं. प्ले, म्हणजे स्टेअरिंगचं ते रिकामं फिरणं, किंचित कमी वाटला, पण स्टेअरिंग मधोमध जड झालं आणि वळण संपल्यावर स्वतःहून सरळ येईना. याचं कारण नंतर कळलं. या बॉक्समध्ये कॅम (खाच पाडलेला दांडा) आणि लिव्हर असतात. लिव्हरचे खुंट ज्या खाचेत चालतात ती खाच मध्यावर मुद्दाम कमी खोल ठेवलेली असते, म्हणजे गाडी सरळ चालताना पकड घट्ट राहते. त्यामुळे ड्रॅग लिंक (बॉक्सकडून पुढच्या चाकांच्या बाजूला जाणारा दांडा) सोडवून, स्टेअरिंग बरोबर मध्यावर आणून, जेमतेम ओढ जाणवेल इतकाच स्क्रू आवळायचा असतो. चाकं वळलेली असताना आवळला तर मध्यावर आल्यावर जाम होणारच.

मग मलकापूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरताना म्हणाले, "बॉक्स ऱ्हाऊ द्या. तुम्ही वर बसा आणि डावं-उजवं हलवत ऱ्हावा. जोरात नको."

इंजिन बंद, चाकं जमिनीवर, आणि मी प्लेपुरतंच इकडून तिकडे हलवतोय. थोड्या वेळानं त्यांनी मला खाली बोलावलं आणि पोराला वर बसवलं. जुन्या गाडीच्या स्टेअरिंगला हात घालणाऱ्यानं आधी हे एकदा बघावंच. बॉक्समधून निघालेला आर्म लगेच हलत होता, म्हणजे बॉक्स बऱ्यापैकी शाबूत. पण आर्मचा गोळा ड्रॅग लिंकच्या तोंडात आधी नुसताच लुडबुडायचा, मग लिंक हलायची. लिंकच्या पुढच्या टोकाला बेलक्रँक, म्हणजे शाफ्टवर फिरून लिंकची हालचाल आडवी वळवणारा तुकडा. तो आडवा फिरायच्या आधी चक्क तिरका व्हायचा, वरखाली डुलायचा. तिथून चाकांकडे जाणारे टाय रॉड त्यानंतर हलणार आणि चाकं सगळ्यात शेवटी. चार बोटांचा हिशेब तिथंच लागला.

पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड दिले. चाक वर आणि खाली धरून हलवलं तर खटखट. मामांनी पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. हब बेअरिंग ढिलं असेल तर ब्रेक दाबल्यावर खटखट थांबते. आमची थांबली नाही, म्हणजे किंगपिन, चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं ती. थयथयाटाचं मूळ हेच. चाक डावी-उजवीकडे धरून टाय रॉडची टोकंही तपासली. त्यातली काही गेलेली होती.

बेलक्रँक काढला तेव्हा आतल्या निडल बेअरिंगचा तांबूस भुगा हातावर आला. सुया म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. शाफ्टवरून अंगठ्याचं नख फिरवलं तर एका बाजूला खाचा लागत होत्या, दुसरी बाजू गुळगुळीत. ग्रीस निप्पल जागेवर होतं, पण तोंड मातीनं बंद. किती वर्षं वरूनच ग्रीस पुसलं जात होतं कोण जाणे.

शाफ्ट आणि बेलक्रँक घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात टर्नरकडे गेलो. नव्या निडल बेअरिंगऐवजी गनमेटलचे बुश (धातूच्या नळ्या) घालायचे ठरले. चिखलमातीत ते जास्त टिकतात असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं. शाफ्ट नवा केला. बुश दाबून बसवल्यावर भोक किंचित आवळतं, म्हणून नंतर रीमर फिरवून शाफ्ट हातानं फिरेल पण हलणार नाही, इतकं ठेवलं. बुशच्या आत ग्रीससाठी चर पाडून घेतली आणि निप्पलचं भोक तिच्यासमोर येतंय का ते स्वतः डोळ्यानं पाहिलं. ते नाही आलं तर बाकी सगळी मेहनत वाया.

आर्मचा गोळा अंडाकृती झाला होता. एका दुकानात वेल्डिंगनं भरून घासून देतो म्हणाले. स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग नको, या बाबतीत मी हट्टी आहे. जुन्या स्पेअरच्या दुकानातून गोळा गोल असलेला आर्म निवडून आणला. ड्रॅग लिंकच्या वाट्या आणि स्प्रिंगा नव्या घातल्या. पुढच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे घ्यायचा, मागच्याचा एक फेरा मागे, मग स्प्लिट पिन. पिना सगळ्या नव्या. जुनी सरळ करून परत घालायची कंजुषी इथं करायची नाही.

किंगपिनची बेअरिंगं बदलताना झाकणाखालच्या शिमा (पातळ चकत्या) एकेक करून कमी केल्या. टाय रॉड सुटे ठेवून नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाचा भाग, हातानं वळवायचा. थोडा अडून वळला की शिमा बरोबर. मामांनी नुसत्या हाताच्या अंदाजानं केलं, मी हट्टानं स्प्रिंगचा वजनकाटा लावून ओढ बघितली. दोन्ही बाजू जवळपास सारख्या भरल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काटा गुपचूप पिशवीत टाकला.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं, अंगणातच लावला. चाक फिरवून टायरवर खडूची गोल रेघ मारली, गाडी खाली घेतली, थोडी पुढेमागे ढकलली आणि दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं. पुढं दीड-दोन मिलिमीटर कमी ठेवलं. हवा दोन्ही टायरांत सारखी करून मगच हे मोजायचं. सगळ्यात शेवटी स्टेअरिंग मध्यावर आणून बॉक्सचा तो स्क्रू सैल केला आणि नव्यानं लावला.

आता दीडेक बोट प्ले आहे. या गाडीला त्याहून कमी करायच्या भानगडीत मी पडणार नाही. घाटात वळण संपलं की स्टेअरिंग हातातून आपसूक सरळ येतं, खड्ड्यातून गेल्यावरचा थयथयाट बंद झालाय आणि पासिंगही झालं. बॉक्सच्या खालून नव्वद नंबरचं तेल मात्र अजून ठिबकतंय. त्याचं सील दिवाळीनंतर बघू. तोवर ग्रीस गन गाडीतच ठेवलीय आणि ऑइल अधूनमधून भरतोय.