आमच्या पिढीचे पांढरे केस

आज भाचीच्या साखरपुड्याला सगळ्या बहिणी, वहिन्या जमलो आणि एकदम जाणवलं, आमच्यातल्या निम्म्या जणींनी केस रंगवणं सोडलंय! आईच्या वेळी घरात कार्य ठरलं की आदल्या रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजायची. भांगात पांढरं दिसलं तर "बरं नाही का गं?" म्हणून चौकशी व्हायची.

बदल सुरू झाला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. पार्लरं बंद, केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढणार. दोन-तीन महिन्यांत खरा रंग दिसला आणि कित्येकींना तो चक्क आवडला.

ताईचं कारण वेगळं. तिच्या कपाळावर, कानामागे लाल चट्टे उठायचे, डोळे सुजायचे. डायमधल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी निघाली. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पावडरीतही ते बरेचदा असतं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आज तिचा रुपेरी अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा... मी बघतच राहिले.

तरी एक मावशी म्हणाल्याच, "अगं, कार्यापुरता तरी लावायचास!" शेजारी दादा उभा होता, पूर्ण पांढरा. त्याला कुणी काही म्हणालं नाही. याचा मला खरंच राग येतो.

धाकटी वहिनी अजून रंगवते, तिला आवडतं म्हणून. छानच दिसते. तिला एवढंच सांगितलं, दर वेळी ४८ तास आधी थोडासा कानामागे लावून बघत जा.