फ्रोझन पालक संपवताना आधी पाण्याचा विचार

फ्रोझन पालकाचे पाकीट बहुतेकदा एका ठरावीक पदार्थासाठी आणले जाते, त्यातला थोडा पालक वापरला जातो आणि उरलेला फ्रीझरच्या कोपऱ्यात महिनोन्महिने पडून राहतो. तो संपत नाही याचे कारण पाककृती कमी पडतात हे नाही. त्याच्या पाण्याचे काय करायचे हे ठरलेले नसते, हे खरे कारण आहे. ताज्या पानांसाठी लिहिलेल्या कृतीत हा पालक तसाच घातला की पदार्थ पचपचीत होतो आणि दोष मात्र पालकाला दिला जातो. म्हणून पदार्थ निवडण्याआधी मी एवढेच ठरवते की, हे पाणी मला पदार्थात हवे आहे की नको आहे.

पालकाच्या पानात सुमारे ९१ टक्के पाणी असते. गोठवण्यापूर्वी पाने थोडा वेळ उकळत्या पाण्यात किंवा वाफेत ठेवून लगेच थंड केली जातात, कारण रंग आणि चव बिघडवणारी एन्झाइम्स त्यामुळे निष्क्रिय होतात. त्यानंतर गोठताना पानांच्या आत बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. बर्फ वितळला की त्या पेशींना पाणी धरून ठेवता येत नाही. त्यामुळे हा पालक कच्च्या सॅलडसाठी कधीच उपयोगी पडणार नाही, पण दुसरीकडे त्याचे निवडणे, धुणे, चिरणे आणि निम्मे शिजणे आधीच झालेले असते. पाकिटातला पालक सपाट ठोकळ्याच्या आकाराचा का असतो, याचे उत्तरही गोठवण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकन संशोधक क्लॅरेन्स बर्डझाय यांनी १९२०च्या दशकात अतिशय थंड धातूच्या पट्ट्यांमध्ये पाकिटे दाबून वेगाने गोठवण्याची पद्धत विकसित केली, आणि ६ मार्च १९३० रोजी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या शहरात असे पदार्थ दुकानांत पहिल्यांदा विकायला ठेवले गेले, तेव्हा त्यांत पालकही होता. आता सुट्या छोट्या गोळ्यांच्या रूपातही पालक मिळतो. एकदोन माणसांच्या स्वयंपाकाला तोच सोयीचा पडतो, कारण हवे तेवढेच गोळे काढता येतात; ठोकळ्याचा तुकडा काढायचा तर सुरी आणि थोडी हिंमत लागते.

पाणी नको असेल, तर पिळणे नीट जमले पाहिजे. पालक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वितळवावा, किंवा घाई असेल तर चाळणीत घेऊन त्यावर गरम पाणी ओतावे. मग स्वच्छ पातळ फडक्यात गुंडाळून, फडक्याची दोन्ही टोके उलटसुलट पिरगाळत, पाणी थेंबाथेंबाने येऊ लागेपर्यंत पिळावा. नुसत्या मुठीत दाबून काम भागत नाही, कारण मधला भाग ओलाच राहतो. ३०० ग्रॅम पालक पिळून साधारण निम्मा उरतो, हे आधीच लक्षात घेतले की प्रमाण चुकत नाही. पिळलेला पालक घट्ट गोळा होऊन बसतो, म्हणून तो सुरीने पुन्हा बारीक चिरावा, नाहीतर खाताना एका घासाला नुसता पालक आणि दुसऱ्या घासाला काहीच नाही अशी गत होते.

पिळलेल्या पालकासाठी अंड्यांचे पदार्थ मला सर्वांत खात्रीचे वाटतात. चार अंड्यांना मूठभर पिळलेला पालक पुरतो; तो आधी तेलात किंवा लोण्यात लसणाबरोबर दोन मिनिटे कोरडा परतावा आणि मगच फेटलेली अंडी ओतावीत. परतण्याची ही पायरी टाळली, तर उरलेले पाणी अंडी शिजताना बाहेर येते आणि ताटलीत हिरवट पाण्याचे तळे साचते. हाच परतलेला पालक कुस्करलेला उकडलेला बटाटा, चीज किंवा कुस्करलेले पनीर यांच्याबरोबर मळला, तर टिक्कीसाठी किंवा कुठल्याही भरलेल्या पदार्थाच्या सारणासाठी चालतो. पांढऱ्या सॉसमध्ये घालताना जायफळाची चिमूट विसरू नये. पालकाच्या किंचित तुरट चवीला दूध आणि जायफळ चांगले सावरून घेतात.

पाणी हवे असलेले पदार्थ त्याहून सोपे आहेत आणि थकलेल्या संध्याकाळी तेच कामाला येतात. सूप, शिजलेली डाळ, चणे किंवा राजम्याचा रस्सा यांत गोठलेले गोळे तसेच टाकावेत, मात्र सुरुवातीला नाही, शेवटच्या पाचसात मिनिटांत. मोकळा भात करताना मात्र न पिळलेला पालक घातला, तर त्यातल्या पाण्याइतके पाणी मापातून कमी करावे. मी पिळलेला पालक परतून शेवटी भातात मिसळणेच पसंत करते, कारण त्यात चुकण्यासारखे काही नसते.

पीठ मळताना हे पाणी अक्षरशः मोजून वापरता येते. २०० ग्रॅम पिठाला साधारण १०० ते १२० मिलिलिटर पाणी लागते, आणि १०० ग्रॅम न पिळलेल्या पालकातून जवळजवळ ९० मिलिलिटर पाणी मिळते. वितळलेला पालक एकदा उकळी आणून थंड करावा, मिक्सरमधून बारीक वाटावा आणि आधी त्याच्यावरच पीठ मळावे. वरचे पाणी गरज दिसली तरच, चमच्याचमच्याने घालावे. पोळी, ब्रेड, घरचा पास्ता अशा कशालाही हे पीठ चालते.

रंगाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण पालक अनेकदा काळपट रंगामुळेच ताटात उरतो. हिरवा रंग देणाऱ्या क्लोरोफिलच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आम्ल आणि दीर्घकाळची उष्णता मिळाली की ते निसटते आणि रंग शेवाळी तपकिरी होतो. म्हणून टोमॅटो आधी पूर्ण शिजवावा आणि पालक नंतर घालावा, लिंबू आच बंद केल्यावर पिळावे, आणि भांड्यावर झाकण ठेवू नये, म्हणजे पालकातली उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर निघून जातात. खाण्याच्या सोड्याने रंग राहतो हे खरे, पण पाने गिळगिळीत होतात आणि काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. तो उपाय मला मुळीच पटत नाही.

पिळून काढलेले पाणी सूपमध्ये वापरता येते, कारण त्यात विरघळणारी जीवनसत्त्वे असतात. मात्र त्यातच पालकातल्या ऑक्सलेटचाही काही भाग उतरतो. ज्यांना कॅल्शियम ऑक्सलेटचे मूतखडे होतात, त्यांनी ते पाणी टाकूनच द्यावे आणि पालक किती खावा हे डॉक्टरांना विचारावे. वॉरफरीन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांसाठीही पालकाचे प्रमाण अचानक कमीजास्त होणे बरे नाही, कारण त्यात रक्त गोठायला मदत करणारे व्हिटॅमिन के भरपूर असते.

पाकिटावर शिजवून खावे असे लिहिलेले असेल, तर ते गांभीर्याने घ्यावे. गोठवण्यामुळे जिवाणूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत, आणि कारखान्यातली ती छोटी उकळी म्हणजे पूर्ण शिजवणे नव्हे. दह्यातली चटकदार कोशिंबीर किंवा डिप करायचे असेल, तर पालक आधी वाफ येईपर्यंत गरम करून, थंड करून, मग घट्ट पिळून दह्यात मिसळावा. स्मूदीलाही हेच लागू आहे.

उघडलेल्या पाकिटातली हवा दाबून काढून ते घट्ट बंद करावे, कारण कोरड्या थंड हवेत पानांतला बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि पांढुरके, कोरडे डाग पडतात. उणे १८ अंश सेल्सियसला पालक वर्षभराच्या आसपास चांगला राहतो. एकदा वितळवलेला पालक फ्रीजमध्ये ठेवून एकदोन दिवसांत वापरावा. त्याचे सूप किंवा डाळ करून ती पुन्हा गोठवायला हरकत नाही. अंड्याचे पदार्थ मात्र गोठवू नयेत, ते वितळताना पाणी सोडतात आणि रबरासारखे होतात.