आठ फुटांचं यार्ड

शनिवार, रात्र

आठ बाय चारच्या प्लायमधून दीड फूट रुंद पट्टी कापून आणली आणि खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला टेकवून ठेवली. गेल्या दिवाळीपासून डोक्यात घोळत असलेल्या मॉडेल रेल्वेतल्या मालगाडीच्या यार्डाला अखेर जमीन मिळाली. आठ फूट म्हणजे 2 मीटर 44 सेंटिमीटर. एन स्केलमध्ये, म्हणजे 1:160 मध्ये, तेवढ्यात खऱ्या रेल्वेची 390 मीटर जागा बसते.

नागपुरात अजनीच्या पुलावर उभं राहिलं की कोळशाच्या वाघिणींचा जो रेक (एकत्रच धावणारी वाघिणींची अख्खी रांग) दिसतो, तो 58 वाघिणींचा. एका बॉक्सएन, म्हणजे कोळशाच्या उघड्या वाघिणीची लांबी कपलरसकट 10.713 मीटर. इंजिन न धरताच रेक 621 मीटरचा होतो, आणि माझ्या मापात तो पावणेचार मीटरच्या वर जातो. माझी पट्टी अडीच मीटरसुद्धा नाही.

म्हणून आधी गाडीची लांबी ठरवली आणि मग रूळ. नवख्यांनाही मी हाच क्रम सांगेन. आधी रूळ आखले, की उरलेल्या जागेत गाडी कोंबावी लागते. माझी गाडी बारा वाघिणींची. एक वाघीण 67 मिलिमीटर, डब्ल्यूएजी-9 इंजिन 128 मिलिमीटर, शेवटी गार्डचा डबा. (2022 पासून त्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं आहे, पण माझ्या तोंडी गार्डच बसलंय.) सगळं मिळून साधारण एक मीटर. बारा वाघिणी डोळ्यांसमोरून जाताना डोळा मोजत नाही. लांब गाडी चालली आहे एवढंच त्याला कळतं. सहावर मात्र ती लगेच खेळणं वाटते.

रविवार, दुपार

परदेशी पुस्तकांतले आराखडे चाळले. जवळपास सगळीकडे एकच कल्पना: गाडी येते, तिचे डबे सुटे होतात, ज्याच्या त्याच्या ठिकाणाप्रमाणे लाइनींवर वाटले जातात आणि नवी गाडी जुळते. त्यातला इंग्लेनुक हा प्रकार तर फार सुंदर आहे. तीन लाइनी, त्यांवर पाच, तीन आणि तीन डबे मावतात, हाताशी आठ डबे, आणि त्यांतून ठरलेल्या क्रमाने पाच डब्यांची गाडी बनवायची. आठांतून पाच, तेही क्रमाने, म्हणजे 6720 वेगवेगळ्या गाड्या. टेबलभर जागेत आयुष्यभराचं शंटिंग, म्हणजे डबे ओढून-ढकलून जागच्या जागी लावणं.

पण ते नागपूर नाही. आपल्याकडे सुटे डबे वाटण्याची पद्धत ऐंशीच्या दशकात मागे पडत गेली आणि रेक अखंड धावायला लागले. खाणीतून निघालेला कोळसा कोराडीच्या वीजकेंद्राला जातो तो अख्ख्या रेकने. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे गाड्यांची रीघ असते, पण त्या फुटत नाहीत. मग माझ्या यार्डात इंजिनाने करायचं काय? नुसत्या गाड्या उभ्या करायच्या असतील तर काचेचं कपाट काय वाईट?

संध्याकाळी शेजारचे काका आले. रेल्वेत शंटिंग मास्टर होते, आता निवृत्त. मी कागद त्यांच्यापुढे पसरला. त्यावर सहा लाइनी होत्या. चष्मा वर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"लाइन टाकनं सोपं हाये रे," ते म्हणाले. "थ्या लाइनीवर काम काय करशील, थे सांग मले."

मी म्हटलं, "काका, आता रेक फुटतच नाहीत, तर काम आणू कुठून?"

"काहून नाही फुटत? सिक वाघीण निघाली त काय करतेत?"

तासभर बसले. गाडी आली की तपासणीवाले दोन्ही बाजूंनी हातोडी घेऊन चालत जातात. एखाद्या वाघिणीचा ॲक्सल गरम झालेला दिसतो, कुठे ब्रेक चिकटून बसलेला असतो. तिला सिक, म्हणजे नादुरुस्त ठरवतात आणि ती रेकमधून कापून सिक लाइनीवर न्यावी लागते. ती समजा पुढून सातवी असेल तर पुढच्या सहा तिच्यासकट ओढायच्या, हिला सिक लाइनीत सोडायचं, सहा परत आणून उरलेल्या रेकला जोडायच्या. दुसरं काम मालधक्क्याचं. धक्का लहान असला की रेक एकदम लागत नाही. अर्धा लावायचा, तो खाली झाला की बाहेर काढून उरलेला अर्धा लावायचा. तिसरं, आलेल्या गाडीचं इंजिन सोडवून मागच्या टोकाला आणणं.

माझ्या सहा लाइनींतल्या दोन तिथेच गेल्या. त्यांना काम नव्हतं.

मंगळवार

पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकी बरोबर 67 मिलिमीटर. सातव्या पट्टीवर लाल पेन्सिलीने फुली मारली; ती सिक. मग फरशीवर खडूने लाइनी आखून हातानेच शंटिंग केलं.

दोन लाइनींमधलं अंतर 33 मिलिमीटर ठेवलं आहे. खऱ्या रेल्वेत नव्या कामांसाठी दोन रुळांच्या मध्यांतलं किमान अंतर 5.3 मीटर, त्याला 160 ने भागलं की नेमके 33 येतात. हा मेळ बसला तेव्हा फार आनंद झाला. रुळांच्या रुंदीचा मेळ मात्र बसत नाही. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, त्याचे साडेदहा व्हायला हवेत आणि बाजारातला रूळ नऊचाच. यार्ड बाजूने पाहायचं असतं, तेव्हा चालेल. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन आलो की मन त्या 762 मिलिमीटरच्या रुळांकडे ओढ घेतं, कारण 1:87 मध्ये ते नऊच्या अगदी जवळ येतात. पण तो वेगळा संसार, आत्ता नाही.

खरी कसोटी सांध्यांच्या रांगेची आहे. सांधा म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळते ती जागा. 1:6 चा, म्हणजे सहा पुढे गेलं की एक बाजूला सरकणारा सांधा घेतला तर 33 मिलिमीटर बाजूला सरकायला सुमारे 20 सेंटिमीटर लांबी खर्च होते. म्हणजे वाढवलेली प्रत्येक लाइन पुढच्या सांध्याला वीस सेंटिमीटर पुढे ढकलते. शिवाय सांध्यापासून फाउलिंग मार्कपर्यंतचे (गाडी सुरक्षित उभी राहू शकते त्या हद्दीच्या खुणेपर्यंतचे) पंधराएक सेंटिमीटर उभं राहायला उपयोगाचे नाहीत. तिथे वाघीण ठेवली तर शेजारच्या लाइनीवरची गाडी तिला घासेल. कागदावर लाइन वाढली की यार्ड मोठं वाटतं, पण प्रत्यक्षात उभं राहायची जागा कमी होत जाते.

आणि ही जागा चोरली जाते ती नेहमी शंटिंग नेकमधून. नेक म्हणजे सांध्यांच्या मागची, मेन लाइनीला समांतर अशी बंद टोकाची लाइन. वाघिणी ओढून इंजिन तिथे मागे जातं आणि सांधा बदलला की पुढे ढकलतं. नेकमध्ये जेवढं मावेल तेवढंच एका वेळी हलतं. नेक तोकडी असेल तर मागे दहा लाइनी असून उपयोग शून्य. त्यात नेक मेनपासून वेगळी नसेल तर दर वेळी मेनवरची वाहतूक थांबवून शंटिंग करायची पाळी येते. काका त्यावर एकच वाक्य बोलले: "मेनला हात लावू नको."

इंजिन आणि सहा वाघिणी म्हणजे 53 सेंटिमीटर. हातचं थोडं धरून नेक 60 ठेवली. अर्धा रेक एका दमात निघतो. सिकच्या वेळी सात वाघिणी ओढाव्या लागतात, म्हणजे बरोबर 60 होतात. खडूच्या रेघेवर इंजिन टोकाला टेकलं आणि सातवी सांध्याच्या तोंडाशी येऊन थांबली. इंचभर कुठे वाया नाही, पण चूक करायलाही वाव नाही. म्हणून टोकाचा बफर पट्टीच्या अगदी काठावर सरकवून आणखी पाच सेंटिमीटर काढायचे ठरवले आहेत.

गुरुवार, रात्र

चार लाइनी पक्क्या. पहिली आगमन-प्रस्थानाची, पलीकडच्या टोकाला क्रॉसओव्हर (दोन समांतर लाइनींना जोडणारी सांध्यांची जोडी) आणि त्यापुढे इंजिनापुरती जागा सोडूनही मोकळी लांबी 135 सेंटिमीटर मिळते. दुसरी इंजिन सुटून मागे यायची. ती कायम रिकामी ठेवायची. तिथे एखादी सुंदर वाघीण उभी करायचा मोह होईल, पण ती भरली की अख्खं यार्ड अडकलं. तिसरी मालधक्क्याची. चौथी सिक लाइन; तिला मुद्दाम तीन वाघिणींपुरतीच ठेवली आहे, उरलेल्या जागेत तपासणीवाल्यांची खोली, जॅक, चाकांच्या जोड्या.

डिसेंबरच्या रात्री आणि मेच्या दुपारी मिळून आपल्याकडे पस्तीस अंशांचा फरक सहज पडतो. अडीच मीटर रूळ तेवढ्यात दीड मिलिमीटरच्या आतबाहेर वाढतो. जोडांत बारीक फटी सोडल्या की भागलं. जास्त धास्ती कूलरची आहे. त्याची दमट हवा प्लाय फुगवते. खालून-वरून दोन्हीकडे वॉर्निश मारून झालं, कडांना दोन हात जास्त.

कोळशासाठी खरा कोळसाच कुटला. कापडात गुंडाळून बत्त्याने ठेचला आणि चहाच्या जुन्या गाळणीतून चाळला. वर उरला तो माल वाघिणीत, खाली पडली ती भुकटी रुळांच्या कडेला. बारीक भुकटी दिव्याखाली चमकते, आणि भरलेल्या बॉक्सएनचा तो मधे उंच, कडांना उतरता ढीग आपोआप जमतो.

सांध्यांची यादी काढली: तीन डावे, चार उजवे, सगळे 1:6. मेनमधून यार्डात यायच्या क्रॉसओव्हरचे दोन, लाइनींच्या रांगेचे तीन, इंजिन सोडवायचे दोन. ऑर्डर उद्या सकाळी. काकांनी विचारलंय की सांध्यांची मोटार बसवणार की हाताने ओढणार. हाताने, असं सांगितलं. तारेची दांडी पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत आणायची. रविवारी ते भोकं पाडायला येतील.