बटण सोडल्यानंतर

उजवीकडे पळत सुटायचं. वाटेत सोन्याची कडी दिसली की गोळा करायची, यंत्रं दिसली की अंगावर उडी मारून फोडायची, आणि शेवटी झुबकेदार मिशांच्या टकल्या शास्त्रज्ञाच्या यानाला आठ टोले हाणायचे. सेगा कंपनीने १९९१ साली काढलेल्या 'सॉनिक द हेजहॉग' या व्हिडिओ गेमची गोष्ट म्हणाल तर एवढीच. यावर कॉमिक काढायचं ठरवलं तर किती पानं भरतील? माझ्या हिशेबाने दोन, आणि तिसऱ्यावर जाहिरात. प्रत्यक्षात अमेरिकेत आर्ची कॉमिक्सची मालिका १९९३ पासून २९० अंक चालली आणि ब्रिटनमध्ये फ्लीटवेचं पाक्षिक २२३ अंक. गेमवरून निघालेलं सर्वांत दीर्घायुषी कॉमिक म्हणून आर्चीच्या मालिकेची २००८ साली गिनेस बुकातही वर्णी लागली.

एवढं लिहायला या लोकांना सापडलं तरी काय?

त्या पहिल्या गेममध्ये एक बारकावा आहे. रिमोट हातात धरून काहीच दाबलं नाही, तर गेमचा नायक सॉनिक, म्हणजे तो हेजहॉग नावाचा काटेरी अंगाचा छोटा प्राणी, थोडा वेळ नुसता उभा राहतो. मग मान वळवून थेट तुमच्याकडे बघतो आणि पायाने ठेका धरतो. आटपा की! तोंडातून शब्द नाही, पण हा प्राणी उतावळा आहे, थोडा शिष्ट आहे आणि तुमच्याबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही, हे लगेच कळतं. बटण दाबलेलं असताना तो तुमचा. सोडलं की स्वतःचा. कॉमिकवाल्यांना कच्चा माल मिळाला तो या बटण सोडल्यानंतरच्या वेळात.

ब्रिटिशांनी त्यातला शिष्टपणा उचलला. 'सॉनिक द कॉमिक' मे १९९३ मध्ये सुरू झालं आणि लेखक नायजेल किचिंग व चित्रकार रिचर्ड एल्सन या जोडीच्या हातात त्याला खरा रंग चढला. त्यांचा सॉनिक वाचवेल सगळ्यांना, पण वाचवताना पाणउतारा केल्याशिवाय सोडणार नाही. जिवाला जीव देणारा टेल्स हा धाकटा कोल्हा, त्याला हा येता-जाता 'पिक्सेल-ब्रेन' म्हणणार. मला हे अंक मिळाले ते मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरच्या ढिगाऱ्यात, क्रम सोडून, एखाद्याचं मुखपृष्ठच गायब. क्रमशः गोष्टीचा मधलाच तुकडा वाचून पुढचं-मागचं मनाने जुळवायची सवय रद्दीवाल्यांनी आपल्याला लावलेलीच असते. त्यामुळे अंकाचा संपादक मेगाड्रॉइड नावाचा रोबो आहे आणि तो वाचकांना 'बूमर्स' म्हणून हाक मारतो, हेही मी मुकाट्याने मान्य केलं.

या कॉमिकमधला खलनायक डॉ. रोबॉटनिक, म्हणजे गेममधला तोच टकल्या शास्त्रज्ञ, हा मुळात किंटोबोर नावाचा भला माणूस. इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, की एकाचा दुसरा होतो. ग्रहावरचा सगळा दुष्टपणा शोषून रत्नांमध्ये कोंडायचं यंत्र त्याने बनवलं. ऐन वेळी अपघात झाला आणि तो सगळा दुष्टपणा एका नासक्या अंड्यासकट त्याच्याच अंगात शिरला. म्हणून तो अंड्यासारखा गोल! गेममध्ये त्या माणसाचा आकार असा का, हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. सेगाच्या अमेरिकन शाखेने प्रचारासाठी ही पूर्वकथा रचली आणि ब्रिटिश कॉमिकने ती मनोभावे स्वीकारली. नासकं अंडं हे कारण म्हणून टिकतं का, ते सोडा. दुष्ट माणूस पूर्वी चांगला होता, एवढं कळल्यावर पुढचे आठ टोले हाणताना हात थोडा अडखळतो.

त्याहून धाडसी गोष्ट त्यांनी 'सुपर सॉनिक'ची केली. गेममध्ये सगळी रत्नं जमवली की सॉनिक पिवळाधमक होतो, त्याला काही लागत नाही, काही टोचत नाही; ते तुमच्या मेहनतीचं बक्षीस. किचिंगच्या कथांमध्ये तोच पिवळा सॉनिक म्हणजे राक्षस. भान सुटतं, समोर मित्र आहे की शत्रू हे कळत नाही, आणि टेल्सने जीव मुठीत धरून पळायचं. खेळणाऱ्याला अजिंक्य व्हायला आवडतं. वाचणाऱ्याला अजिंक्य नायक दोन पानांत कंटाळवाणा होतो. लेखकाला हे नेमकं उमगलं होतं.

अमेरिकेतल्या आर्चीचा मार्ग निराळा. सुरुवातीचे अंक नुसते पांचट विनोदांचे. मग हळूहळू टीव्हीवरच्या कार्टूनमधली मंडळी आली, रानातलं लपलेलं गाव आलं, राजकन्या सॅली आली, आणि पुढे लेखक केन पेंडर्सने नकल्सला हात घातला. नकल्स हा लाल रंगाचा एकिड्ना; ऑस्ट्रेलियाकडचा तो मुंग्या खाणारा, अंडी घालणारा प्राणी. गेममध्ये तो आपल्या कुळातला शेवटचा, एका तरंगत्या बेटावर भल्या मोठ्या पाचूची राखण करत एकटाच बसलेला. पेंडर्सला हे एकटेपण बघवेना. त्याने नकल्सला बाप दिला, आजोबा दिले, पणजोबा दिले, पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारा आख्खा पंथ दिला आणि एकिड्नांचं शहरही वसवलं. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र' म्हणून जेवढी नावं दाटीवाटीने बसवलेली असतात, तेवढं गोत जमलं. एवढ्यावर भागलं नाही. नकल्सचे आईबाप विभक्त झालेले आहेत, आई लारा-लेला नवा जोडीदार आहे, आणि सावत्र बापाशी कसं वागायचं याचा पेच पोराच्या डोक्यात आहे. लक्षात घ्या, हे सगळं उजवीकडे पळायच्या गेमवरच्या कॉमिकमध्ये! कधीकधी ते कंटाळवाणं होतं, संवाद प्रवचनाच्या अंगाने जातात, तरी मला ते आवडतं. दुसऱ्याच्या मालकीच्या बाहुल्यावर कुणी इतका जीव लावावा, यात काहीतरी वेडं आणि लोभस आहे.

मालकीचा प्रश्न मात्र सुटला नाही. मालिका सोडल्यावर पेंडर्सने आपण निर्माण केलेल्या पात्रांवर हक्क सांगितला, २०१० साली आर्ची कॉमिक्स कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. आता इतकी पात्रं कथेतून एकदम काढायची कशी? त्याच सुमारास 'मेगा मॅन' या दुसऱ्या गेमच्या कॉमिकशी मिळून एक बारा भागांची कथा चालू होती. तिच्या शेवटी दोन्ही नायकांना आपापलं विस्कटलेलं विश्व पुन्हा जागेवर आणायचं असतं. मेगा मॅनला ते जमतं. सॉनिक त्यासाठी लागणारा शब्द उच्चारायला लागतो आणि ऐन मोक्याला तो टकल्या शास्त्रज्ञ मध्ये कडमडतो. शब्द अर्धवट राहतो, विश्व भलतंच होऊन परत येतं, आणि त्या नव्या विश्वात नकल्सचे बाप, आजे, पणजे कुणी नाहीत. तो पुन्हा कुळातला शेवटचा! वकिलांच्या कागदांची भरपाई अशी प्रलय घडवून केलेली मी तरी दुसरीकडे वाचली नाही. आणि खरं सांगायचं तर सॉनिकच्या वेगापेक्षा मला तो अडखळलेला शब्द जास्त लक्षात राहिला आहे.

आर्चीचं काम २०१७ मध्ये अधिकृतपणे थांबलं. पुढच्या वर्षी आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने नवी मालिका सुरू केली, लेखक मात्र आर्चीचाच जुना इयन फ्लिन. सेगाचं लक्ष आता बारीक असतं. गेममधल्या पात्रांना परस्पर नातेवाईक चिकटवायची सोय राहिलेली नाही. फ्लिनने त्यातूनही वाट काढली. त्याच्या एका दीर्घ कथेत स्पर्शाने पसरणारा धातूचा रोग येतो. ज्याला होतो तो पोलादी होतो आणि दुसऱ्याच्या मागे लागतो. सॉनिकलाही लागण होते, पण वेगाने पळत राहिलं की ती मागे हटते. म्हणजे थांबायची सोय नाही. ठेका धरून आपल्याकडे वैतागून बघणाऱ्या त्या प्राण्याला क्षणभर विसावा हवा आहे आणि तोच मिळत नाही, ही कल्पना गेम खेळलेल्याच माणसाला सुचावी. ही कथा पूर्ण व्हायच्या आत खऱ्याच महासाथीने जगाला गाठलं, तो भाग फ्लिनच्या हातातला नव्हता.

या फ्लिनला पुढे सेगाने 'सॉनिक फ्रंटियर्स' या २०२२ च्या गेमची कथा लिहायला घेतलं. मी तो खेळायला बसलो तेव्हा बराच वेळ रिमोट मांडीवरच पडून होता. पात्रं एकमेकांशी बोलत होती आणि मला ते ऐकायचं होतं. शेजारी बसलेला भाचा मात्र सारखा म्हणत होता, "मामा, हे स्किप कर ना, पळव त्याला."